बेजार, तगादा आणि हॅरासमेंट

धाराशिव जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात पारावर घटकाभर बसलं, की एक वाक्य हमखास कानावर पडतं : "लई बेजार केलंय बघा." बेजार कोण करतं याला धरबंध नाही. रात्री डास बेजार करतात. ऐन पाणी द्यायच्या वेळी गेलेली लाईट बेजार करते. मोबाईलसाठी अडून बसलेलं पोरगं बेजार करतं, हप्त्यासाठी ओट्यावर ठाण मांडणारा वसुलीवाला बेजार करतो आणि नांदायला गेलेल्या लेकीला सासरची माणसं बेजार करतात. शब्द एकच, पण यातलं काय हसण्यावारी न्यायचं आणि कशासाठी चार माणसं घेऊन उठायचं, हे ऐकणाऱ्याला बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून कळतं.

हीच पाच गाऱ्हाणी इंग्रजीत मांडायची तर पाच निरनिराळे शब्द लागतात. डास 'ॲनॉय' करतात, लाईट गेल्यानं 'इनकन्व्हिनियन्स' होतो, पोरगं 'पेस्टर' करतं, वसुलीवाला 'हॅरास' करतो आणि सासरच्या छळाला कायदा 'क्रुएल्टी' म्हणतो. कागदाला चेहरा नसतो, आवाजही नसतो. तिथं शब्दाचं वजन चुकलं की गाऱ्हाण्याचं वजन चुकतं. आपल्याकडच्या मुलांना हे वजन शाळेत कुणी शिकवत नाही, आणि त्याची किंमत पुढं अर्ज लिहिताना मोजावी लागते.

शब्दार्थांच्या वहीत पाहा. ॲनॉय : त्रास देणे. बॉदर : त्रास देणे. ट्रबल : त्रास देणे. पेस्टर : त्रास देणे. हॅरास : त्रास देणे. एका 'त्रास'खाली सगळे झाकले जातात आणि मूल समजतं की यातला कुठलाही उचलावा, अर्थ तोच. खरं तर घरात बोलताना तेच मूल भुणभुण, कटकट, टुमणं, तगादा, जाच आणि छळ यांत कधी गल्लत करत नाही. आजीनं औषधासाठी दोनदा आठवण केली तर ते तिला 'छळ' म्हणत नाही. म्हणजे तारतम्य त्याच्याजवळ आहे. वहीनं ते मधल्यामध्ये गाळून टाकलं आहे.

मुळात गाऱ्हाण्याचे शब्द बहुतेक वेळा गाऱ्हाणं ऐकणाऱ्याच्या भाषेतून येतात. आपल्या जिल्ह्याइतकी याची चांगली साक्ष क्वचितच मिळेल. नळदुर्ग आणि परंड्याचे किल्ले बहमनी आणि आदिलशाही पाहिलेले. पुढं हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात राहिला, तो थेट १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत. शेवटचा निजाम मीर उस्मान अली खान, त्याच्या नावावरून गावाचं नाव उस्मानाबाद झालं. २०२३ मध्ये ते पुन्हा धाराशिव झालं. संस्थानाचा दरबारी कारभार आधी फारसीत आणि १८८० च्या दशकापासून उर्दूत चाले. १९१८ मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं तेही उर्दू माध्यमाचं. आता ज्याला सारा जास्त लागला, ज्याच्या बांधावर कुणी चढाई केली, त्या कुणब्यानं दाद कुणाकडे मागायची? दफ्तराकडे. दफ्तराची भाषा फारसी-उर्दू. म्हणून 'अर्ज', 'फिर्याद' आणि 'दाद' हे शब्द त्याच्या तोंडी बसले. 'जुलूम', 'तगादा', 'तसदी', 'हैराण', 'तंग', 'बेजार' हेही त्याच वाटेनं आलेले. फारसीत 'फिर्याद' म्हणजे मदतीसाठी फोडलेला टाहो आणि 'दाद' म्हणजे न्याय. हे शब्द साऱ्या महाराष्ट्रात आहेत, पण मराठवाड्यात ते जास्त ओले आहेत. पुण्याचा माणूस 'वैतागलो' म्हणेल तिथं आपला माणूस 'बेजार झालो' म्हणतो.

आज फिर्याद ऐकणारं दफ्तर बदललं आहे. कायदे इंग्रजीत होतात आणि उच्च न्यायालय इंग्रजीत चालतं. बँकेची परिपत्रकं आणि मोबाईल कंपन्यांची तक्रारखिडकी यांचीही भाषा तीच. म्हणून 'न्युसन्स', 'टॉर्चर', 'हॅरासमेंट', 'डिस्टर्ब' हे शब्द एसटीत आणि चहाच्या टपरीवरही ऐकू येतात. यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. तगाद्याचं जे झालं तेच यांचं होतं आहे. फरक इतकाच, की तगाद्याचं वजन आपल्याला चार शतकांच्या वापरानं कळलं आहे आणि हॅरासमेंटचं अजून कळायचं आहे.

सगळ्यात हलक्या शब्दापासून सुरुवात करू. 'बॉदर' हा शब्द इंग्रजीत अठराव्या शतकात आला, आणि पहिल्यांदा दिसतो तो आयर्लंडच्या लेखकांकडे. त्याला मराठीत जवळपास तंतोतंत बसणारा शब्द आहे 'तसदी'. तसदीचं मूळ अरबी आहे आणि त्याचा तिथला अर्थ डोकेदुखी देणं. दोन्ही शब्दांचं वागणं सारखं आहे. तसदी दुसऱ्याला देता येते आणि स्वतः घेताही येते, बॉदरही तसाच. 'सॉरी टु बॉदर यू' म्हणजे 'तसदी दिल्याबद्दल माफ करा'. 'डोन्ट बॉदर' म्हणजे 'तसदी घेऊ नका, राहू द्या'. आणि 'ही डिडन्ट इव्हन बॉदर टु कॉल' म्हणजे 'साधा फोन करायची तसदीही घेतली नाही'. वहीत 'त्रास देणे' एवढंच लिहिलेल्या मुलाला हे तिसरं वाक्य कधीच उलगडत नाही. कारण त्रास देता येतो, पण फोन करण्याचा त्रास न घेणं ही तक्रार कशी होईल, हे त्याला समजत नाही. एकदा तसदी शेजारी ठेवली की गाठ सुटते. 'ट्रबल'लाही हीच सोय लागू पडते. 'टेक द ट्रबल' म्हणजे तसदी घेणं. ट्रबलचं मूळ मात्र पाण्यात आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ गढूळ करणं असा होता.

'इनकन्व्हिनियन्स'ची जात वेगळी. या शब्दात राग नाही आणि कुणावर बोटही नाही. लॅटिनमधला त्याचा अर्थ 'न जुळणं' एवढाच. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव–येरमाळा–बीड या राष्ट्रीय महामार्गावर काम निघालं की पाटी लागते : 'गैरसोयीबद्दल क्षमस्व'. रेल्वे स्थानकावर गाडी उशिरा येणार असली की तेच वाक्य भोंग्यातून येतं. हा शब्द बहुतेक वेळा गैरसोय करणाऱ्याच्या तोंडी असतो, भोगणाऱ्याच्या नव्हे. म्हणून तक्रार करणाऱ्यानं तो जपून वापरावा. सोयाबीन हातचं गेलं, विम्याची रक्कम रखडली, पोराची फी थकली, आणि अर्जात लिहिलं की 'आय ॲम फेसिंग इनकन्व्हिनियन्स', तर वाचणाऱ्याला वाटतं की जरा अडचण झाली असेल. तिथं 'लॉस' किंवा 'हार्डशिप' हवं. गैरसोय म्हणजे बसमध्ये उभं राहावं लागणं. नुकसान म्हणजे बस चुकल्यानं परीक्षा बुडणं.

आता 'ॲनॉय' आणि 'इरिटेट'. यांच्यापाशी मराठी बोलणाऱ्यांची अडचण शब्दापेक्षा वाक्यरचनेत जास्त आहे. मराठीत भावना आपल्याकडे चालून येते. मला राग आला, मला कंटाळा आला, मला वीट आला, आणि आपल्याकडच्या बोलीत 'मला तर बाबा ईट आलाय'. कुणी केलं हे सांगायची गरजच नाही. इंग्रजीत मात्र आधी करणारा लागतो : अमुक गोष्ट मला ॲनॉय करते. किंवा भोगणाऱ्याचं रूप वेगळं आणि करणाऱ्याचं वेगळं : मी 'ॲनॉइड', तो 'ॲनॉइंग'. याच जागी दरवर्षी शेकडो मुलं घसरतात. 'मला कंटाळा आलाय' म्हणायचं असतं आणि 'आय ॲम बोअरिंग' लिहून मोकळी होतात. म्हणजे 'मी कंटाळवाणा आहे'. तसंच 'आय ॲम इरिटेटिंग' म्हणजे 'मी लोकांना वैताग आणतो'. ज्याला ताप झाला तो 'इड'कडे आणि ज्यानं दिला तो 'इंग'कडे, एवढं पक्कं केलं तरी निम्मं काम होतं. कॉलेजातली मुलं यावर आपल्या पद्धतीनं तोडगा काढून बसली आहेत. ती म्हणतात, 'इरिटेट होतंय'. इंग्रजी शब्द घेतला आणि 'कसंतरी होतंय'च्या मराठी साच्यात ओतला. बोलण्यात ते शोभतं. उत्तरपत्रिकेत उतरलं की गुण जातात.

'ॲनॉय' आज सौम्य आहे. मूळ मात्र जळजळीत : लॅटिनमधल्या 'तिरस्कारात असणं' अशा अर्थाच्या शब्दांपासून तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. वापरून वापरून त्याची धार गेली. आपल्या 'त्रास'चंही तेच झालं. संस्कृतात त्रास म्हणजे भीती. मराठीत तो दमण्यापासून पोटदुखीपर्यंत कशालाही चालतो. 'छळ' मात्र उलट्या दिशेनं गेला. संस्कृतात तो कपट होता, मराठीत जुलूम झाला. आणि अरबी-फारसीतला 'हैरान' थक्क झालेला असतो, हिंदीतही तसाच. मराठीत आला आणि दमून, पिडून 'हैराण' झाला.

पुन्हापुन्हा मागं लागण्यासाठी इंग्रजीत जे शब्द आहेत, त्यांचा गोतावळा मला सगळ्यात रसाचा वाटतो. त्यांतले बरेच गोठ्यातून, रानातून, शिकारीतून आले आहेत. 'पेस्टर'चं मूळ फ्रेंच, अर्थ घोड्याचे पाय बांधून अडकवणं. मराठीत 'पायबंद' हा शब्द याच दोरीतून निघाला. पण आपला पायबंद आवर घालण्याकडे गेला आणि त्यांचा पेस्टर भंडावण्याकडे. आज पेस्टर शोभतो तो हट्टी मुलाला आणि चिकट विक्रेत्याला. मोबाईलसाठी, यात्रेतल्या खेळण्यासाठी मूल जे 'टुमणं लावतं', ते पेस्टर. 'नॅग' उत्तरेकडच्या स्कँडिनेव्हियन भाषांमधून आला आणि त्याचं मूळ कुरतडण्यात आहे. बारीक, सतत, रोजचं. आपली पिरपिर आणि किरकिर. हा शब्द इंग्रजीत बायकोच्या माथी मारायची जुनी खोड आहे. आपल्याकडेही 'बायकांची किरकिर' म्हणतात. गॅस संपला आहे हे तीनदा सांगावं लागलं तर चूक सांगणारीची नसते, म्हणून हा शब्द बाईसाठी वापरताना दोनदा विचार करावा.

'बॅजर' हा बिळात राहणारा एक प्राणी. त्याला कोंडून त्याच्यावर कुत्री सोडायचा खेळ इंग्लंडात चाले. १८३५ च्या कायद्यानं त्यावर बंदी आली, पण शब्द मागं राहिला. एकाच प्रश्नानं, एकाच मागणीनं माणसाला घेरणं म्हणजे बॅजर करणं. 'हाउंड' म्हणजे शिकारी कुत्रा. क्रियापद झालं की पाठलाग करून सळो की पळो करून सोडणं. 'हॅरास'सुद्धा फ्रेंचमधून आला, आणि कुत्रं अंगावर सोडताना दिलेल्या हाकेपासून तो निघाला असावा असं बरेच कोशकार मानतात.

याला मराठीत तोडीस तोड शब्द आहे 'ससेमिरा', आणि त्याची कथा विक्रमाच्या सिंहासनाच्या गोष्टींमध्ये आहे. एक राजपुत्र रानात वाघाच्या भीतीनं झाडावर चढतो. झाडावर अस्वल असतं. ते त्याला अभय देतं. दोघं आळीपाळीनं झोपायचं ठरवतात. अस्वल झोपल्यावर राजपुत्र त्याला खाली ढकलतो. अस्वल वाचतं आणि शाप देतं. राजपुत्राला वेड लागतं आणि 'स-से-मि-रा' ही चारच अक्षरं तो बरळत हिंडतो. पुढं एक शहाणा माणूस या प्रत्येक अक्षरानं सुरू होणारा एकेक श्लोक म्हणून मित्रद्रोहाचं पाप उघड करतो, तेव्हा तो शुद्धीवर येतो. न सुटणारी, घोकत राहणारी पीडा असा अर्थ त्यातून आला. आज वर्तमानपत्रात 'चौकशीचा ससेमिरा' असं येतं तेव्हा त्यामागं हे अस्वल उभं असतं. इंग्रजी 'हाउंड' शिकवायचा असेल तर मुलांना ही गोष्ट सांगावी. शब्द जन्मभर विसरणार नाहीत.

मराठीची आणखी एक खुबी इथं उपयोगी पडते. भुणभुण, पिरपिर, किरकिर, कटकट, टकटक, कुरबुर. जे पुन्हापुन्हा होतं त्याचं नावच पुन्हापुन्हा उच्चारून तयार झालेलं आहे. इंग्रजीत ही पुनरावृत्ती शब्दाच्या रूपात दिसत नाही, अर्थात दडलेली असते. ॲनॉय एकदाही करता येतं. पेस्टर, नॅग, हाउंड आणि हॅरास सहसा एकदा करून होत नाहीत. त्यांत वारंवारता आली. आणि कायदा नेमका याच गोष्टीवर बोट ठेवतो.

कायद्यात 'न्युसन्स' आधी पाहू. लॅटिनमधल्या 'इजा करणं' या धातूपासून तो आला आहे. 'इनोसंट' त्याच घरचा, म्हणजे इजा न करणारा. १८६० च्या भारतीय दंड संहितेतली सार्वजनिक न्युसन्सची व्याख्या १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम २७० मध्ये आली आहे. मराठी कायद्याच्या भाषेत हा 'सार्वजनिक उपद्रव'. त्याची खूण ही, की पीडा एकट्याला नसते, आसपास राहणाऱ्या सर्वांना असते. आणि त्यातून कुणाची थोडी सोय होते एवढ्यानं तो माफ होत नाही. गल्लीत सांडपाण्याचं डबकं साचलं, वस्तीजवळ कचरा जाळला जातो, तर तो न्युसन्स. आणि तो दूर करायचा हुकूम कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतात. ध्वनिक्षेपकासाठी २००० सालचे वेगळे नियम आहेत. रात्री १० ते सकाळी ६ त्यावर बंदी आहे, आणि निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल आहे. म्हणून डीजेविरुद्धच्या अर्जात 'मला डिस्टर्ब होतं' यापेक्षा 'वस्तीतल्या लोकांना रात्री अमुक वाजेपर्यंत आवाज सोसावा लागला' हे वाक्य जास्त काम करतं.

आणि 'ॲनॉयन्स'? हा हलका शब्द कायद्यात शिरला तर काय होतं याचं मोठं उदाहरण महाराष्ट्रातच घडलं. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीनं कलम ६६अ आलं. ॲनॉयन्स किंवा इनकन्व्हिनियन्स व्हावा म्हणून पाठवलेला संदेशही त्यात गुन्हा ठरत होता, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्यावर पालघरच्या एका तरुणीनं फेसबुकवर प्रश्न उपस्थित केला, दुसरीनं त्याला पसंती दिली, आणि दोघींना अटक झाली. श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीनं सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २४ मार्च २०१५ रोजी न्यायमूर्ती चेलमेश्वर आणि नरिमन यांच्या पीठानं ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. त्यांच्या विवेचनातला एक मुख्य मुद्दा शब्दांचाच होता. ॲनॉयन्स, इनकन्व्हिनियन्स हे शब्द इतके मोघम आहेत, की एकाला जे सलतं ते दुसऱ्याला सलणार नाही. मग नागरिकानं आणि पोलिसानं रेघ कुठं ओढायची?

या शब्दाचं वजन किती हलकं धरलेलं होतं ते आपल्याच देशाच्या दुसऱ्या कायद्यातल्या कलमातून दिसतं. दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी कुणालाही ॲनॉयन्स होईल असं वागलं तर न्याय संहितेच्या कलम ३५५ प्रमाणं साधी कैद जास्तीत जास्त २४ तास, किंवा दंड, किंवा समाजसेवा. म्हणजे झिंगून चौकात केलेल्या ॲनॉयन्सला एक दिवस आणि फेसबुकवरच्या ॲनॉयन्सला तीन वर्षं. शब्द एकच राहिला आणि माप एका दिवसावरून छत्तीस महिन्यांवर गेलं. न्यायालयानं कलम ६६अ काढून टाकलं हे फार बरं झालं.

'हॅरासमेंट' ॲनॉयन्सच्या पुष्कळ पुढची. तिच्यात वारंवारता आहे, शिवाय भीती किंवा अपमान आहे, आणि बहुतेक वेळा काहीतरी उकळायचा हेतू आहे. विवाहितेच्या छळाच्या व्याख्येत, म्हणजे न्याय संहितेच्या कलम ८६ मध्ये, पैशाअडक्याच्या बेकायदा मागणीसाठी केलेली हॅरासमेंट स्पष्ट लिहिलेली आहे. आपल्या जिल्ह्यात हा शब्द सगळ्यात जास्त लागतो तो कर्जवसुलीत. कोरडवाहू शेती, सोयाबीनचा भाव पडलेला, आणि घरोघरी कुठल्या ना कुठल्या गटाचं कर्ज. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकानुसार वसुलीसाठी सकाळी ८ पूर्वी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही, धमकावता येत नाही, नातेवाइकांत आणि ओळखीच्यांत बदनामी करता येत नाही. मायक्रोफायनान्स कर्जासाठी त्याच वर्षीच्या निर्देशांत वेळ आणखी आखूड आहे : सकाळी ९ ते संध्याकाळी ६. खासगी सावकारीसाठी महाराष्ट्राचा २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. त्यात कर्जदाराला 'मोलेस्ट' करणं गुन्हा आहे. वर्तमानपत्रामुळं आपण मोलेस्टेशन म्हणजे विनयभंग एवढंच धरून चालतो, पण या कायद्यात तो शब्द जुन्या अर्थानं आहे : कर्जदाराच्या मागोमाग ठिकठिकाणी फिरणं, त्याच्या वस्तूंना हात घालणं, त्याच्या घराजवळ किंवा कामाच्या जागी घुटमळत राहणं. मराठी माणूस याला एका शब्दात 'तगादा' म्हणेल. साधी आठवण करून देणं तगाद्यात येत नाही, हे त्यालाही कळतं आणि कायद्यालाही.

हे कागदावर कसं उतरतं ते जवळून पाहू. समजा, कळंब तालुक्यातल्या एका बाईंचा हप्ता थकला आहे. त्या भाच्याकडून इंग्रजी अर्ज लिहून घेतात. भाचा लिहितो, 'दे आर गिव्हिंग मी टॉर्चर.' त्याच्या कानाला हा शब्द जोरकस वाटतो. पण टॉर्चर म्हणजे पिळवटणं, शारीरिक यातना. १९८४ च्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या करारात तो सरकारी माणसानं किंवा त्याच्या संमतीनं दिलेल्या यातनांसाठी आहे. वाचणारा अधिकारी अंगावरच्या खुणा शोधतो, त्या नसतात, आणि अर्ज अतिशयोक्त म्हणून बाजूला पडतो. त्याऐवजी भाच्यानं लिहावं : अमुक तारखेला सकाळी साडेसहाला पहिला फोन आला, त्या दिवशी नऊ फोन आले, दुसऱ्या दिवशी रात्री आठला दोघे घरी आले, शेजारणीसमोर 'कर्जबुडवी' म्हणाले. आणि मग एकच शब्द : हॅरासमेंट. या तपशिलांनी तो शब्द उभा राहतो. तपशील नसला तर सगळ्यात कडक शब्दही पोकळ वाजतो.

उलट बाजूही सांगायला हवी. काही ठिकाणी आपण जड गोष्टीला हलका शब्द वापरतो, आणि ते जास्त घातक आहे. 'टीझ'चा मूळ अर्थ लोकर विंचरून मोकळी करणं. पुढं तो चिडवणं, थट्टा करणं झाला. भाऊ बहिणीला टीझ करतो. भारतीय इंग्रजीनं याच शब्दातून 'इव्ह टीझिंग' घडवलं आणि कॉलेजच्या वाटेवर मुलीच्या मागं लागणाऱ्यांना थट्टेखोर करून टाकलं. २०१३ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात त्याची खरी नावं आली : सेक्शुअल हॅरासमेंट आणि स्टॉकिंग, आज न्याय संहितेची कलमं ७५ आणि ७८. मुलीनं नको म्हटल्यावरही वारंवार मागं जाणं, संपर्क करत राहणं, हे स्टॉकिंग. आपल्याकडे 'पोरगं जरा मागं लागलंय' म्हणतात त्या 'जरा'मध्ये किती मुलींची शाळा सुटली असेल! वसतिगृहातही तसंच. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंग प्रतिबंध कायद्यात चिडवणं आणि 'गंमत' म्हणून केलेल्या खोड्याही रॅगिंगमध्ये धरल्या आहेत, शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद.

जाता जाता फोनचं एक. नको असलेल्या जाहिरातींच्या फोनांना इंग्रजी वर्तमानपत्रं 'पेस्की कॉल' म्हणतात. पेस्की म्हणजे चिलटासारखा, मारावा तर क्षुद्र आणि सोडावा तर पुन्हा कानाशी. ते बंद करायला १९०९ हा क्रमांक आहे, संदेश पाठवूनही चालतो.

शिक्षकांना एक विनंती. आठवी-नववीच्या वर्गात पुढच्या वेळी हे शब्द आले की 'त्रास देणे' लिहून पुढं जाऊ नका. मुलांना घरी कोण काय म्हणतं ते विचारा. आजी काय म्हणते, शेतावरचा गडी काय म्हणतो, दुकानदार काय म्हणतो. काव आणलाय, डोस्कं खातंय, पाठ सोडंना, जीव नकोसा केलाय. हे सगळं फळ्यावर लिहा आणि प्रत्येकासमोर त्याच्या वजनाचा इंग्रजी शब्द मुलांनाच शोधू द्या.

आणि मोठ्यांसाठी एवढंच : तक्रार इंग्रजीतच लिहावी अशी सक्ती सरकारी कार्यालयांत नाही. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ सालचा आहे. पोलीस ठाण्यात, तहसीलमध्ये, जिल्हाधिकारी कार्यालयात मराठी अर्ज चालतो आणि तो घेतलाच पाहिजे. तेव्हा जिथं तगादा आहे तिथं तगादा लिहा, जिथं छळ आहे तिथं छळ लिहा, आणि खाली तारीख, वेळ आणि साक्षीदाराचं नाव घालायला विसरू नका.